कॅनडावाल्यांची गाडी

४ फेब्रुवारी, बुधवार
आले एकदाचे कॅनडावाले. ताई जयपूर विमानतळावर माझ्या गळ्यात पडून रडली. भावोजी मात्र काउंटरवर – स्वतः चालवायची भाड्याची गाडी घेत होते. शुभंकर म्हणाला, "माझी गाडी आहे की." तर म्हणे, "तुमच्यावर भार नको." भार! चार बॅगा माझ्या नि शुभंकरच्या बेडरूममध्ये पडल्यात.

गाडी चालवायला डावीकडून चढले. स्टिअरिंग शोधलं, हसले. मला नाही हसू आलं.

५ फेब्रुवारी
वळायचं झालं की इंडिकेटरऐवजी वायपर सुरू. कडकडीत ऊन, आणि आम्ही काच पुसत पुसत वैशाली नगरातून. हॉर्न वाजवत नाहीत – "तिकडे हॉर्न म्हणजे शिवी." एका म्हातारीसाठी भर रस्त्यात थांबले. मागे सगळे कोकलतायत, आणि ती बिचारी घाबरून पुढेच येईना. साताऱ्यात होते तेव्हा याच माणसाची लूना अख्ख्या आळीला झोपू देत नसे.

७ फेब्रुवारी
ताईला विचारलं, ड्रायव्हर का नाही ठेवत? "त्यांना आवडतं गं चालवायला." परदेशी पासपोर्ट, आंतरराष्ट्रीय परवाना, सगळं एका पाऊचमध्ये, गळ्यात. बालवाडीतल्या पोराच्या गळ्यात पाण्याची बाटली असते, तसं.

८ फेब्रुवारी, रविवार
व्हायचं तेच झालं. शुभंकर भावोजींना घेऊन खातीपुऱ्याला, त्याच्या फौजेतल्या मित्राकडे जेवायला गेला होता. दोघंच, भाड्याच्या गाडीतून. येताना वळणावर एका स्कूटीला धडक. गोपालपुऱ्याला कोचिंगसाठी राहणारी मुलगी. मनगट मोडलं, कपाळाला टाके. भावोजींनी पोलिसांना सांगितलं – मी चालवत होतो, डाव्या-उजव्यात गोंधळ झाला. आता जयपूर सोडायचं नाही. परतीचं विमान गेलंच समजा.

शुभंकर आल्यापासून गप्प आहे. गप्प न राहून करेल काय? दुसऱ्याच्या हौशीपायी त्यालाही ठाण्यात बसावं लागलं.

९ फेब्रुवारी
आज बोललेच मी. जेवताना, सगळ्यांसमोर. "हौस तुमची आणि हात मोडला त्या पोरीचा." ताई ताटावरून उठली. भावोजी एवढंच म्हणाले, "खरंय मीनाक्षी." आणि आमटी वाढून घेतली. घास उतरतो कसा या माणसाला?

शुभंकर म्हणतो, "पुरे आता." कुणाला? मला!

१० फेब्रुवारी
ताई माझ्याशी बोलत नाही. न बोलू दे.

११ फेब्रुवारी, बुधवार
त्या मुलीला बघायला हॉस्पिटलात गेलो. भावोजीही आले. मी म्हटलं, तुम्ही आत येऊ नका, तिला त्रास होईल. ते बाहेर बाकावर बसले.

मुलीने शुभंकरला पाहिलं आणि मला म्हणाली, "दीदी, गाडी तो यही चला रहे थे."

तो नाही म्हणाला नाही. जिन्यात थांबून म्हणाला – मित्राकडे दोन बिअर झाल्या होत्या. किल्ली मीच मागून घेतली. भावोजी म्हणाले, तुझी नोकरी जाईल, मी सांगतो मी चालवत होतो.

बाहेर आलो. भावोजी उठून उभे राहिले. "कशी आहे ती?"

मी रिक्षा थांबवली. भैयाने विचारलं, कुठे? शुभंकरने घरचा पत्ता सांगितला.

मी म्हटलं, आधी पोलीस ठाण्यात.