रविवारचा रिकामा उंचवटा

मंगळवार, कामोठे

सोसायटीच्या कॉमन मीटरचा माझा ग्राफ लॅपटॉपवर, तीन रंगांत. बारा महिन्यांचे बारा खांब, सगळे जवळजवळ सारखे. वीज जाते कुठे, ते काही कळेना. आणि सेक्रेटरी मी.

आज आमचे पंप बघणारे म्हात्रे काका, जासईचे, कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर काढलेला त्यांचा ग्राफ घेऊन आले. आठवडाभर ड्युटीवर दर तासाला मीटर बघून पेन्सिलीने ठिपके दिलेले, प्रत्येक वाराची रेघ वेगळी. महिन्याची बेरीज करून मी जे पुसून टाकलं होतं, ते सगळं तिथे दिसत होतं. उंचवट्यांवर कारणंही लिहिलेली: पंप, लिफ्ट, पंप. फक्त रविवारी अकराचा उंचवटा, पंपाइतकाच मोठा, रिकामा.

"इथे काय, काका?"

"ते तुमीच लिवा, मॅडम."

रविवारी सकाळी अकराला सोसायटीच्या ऑफिसात आमची वीजबचतीची मीटिंग असते. दोन्ही एसी लावून, दार उघडं टाकून. एसी मीच लावते. काकांना माहीत नसेल? तरी तेवढी जागा माझ्यासाठी सोडली. मला जमलं असतं का हे?

त्या उंचवट्यावर मी 'मीटिंग' लिहिलं. काका तसेच उभे. मग खाली 'एसी' लिहिलं, तेव्हा त्यांनी कागदाची घडी घातली.