फवाऱ्याच्या झडपेतला पडदा

मु. नवेपोर, ता. डहाणू
२८ मे २०१८

चि. परेशराव यांसी श्यामकांतचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमची, चि. श्रुतिकाची आणि बाळाची प्रकृती उत्तम असेल. एसीने तुमचा घसा धरला होता, तो सुटला असावा. आम्ही दोघं ठीक आहोत. सासऱ्याने जावयाला पत्रातून काही बोलू नये अशी आपल्याकडची रीत आहे, आणि ती मी सात वर्षं पाळली. (लग्नात तुम्ही आयत्या वेळी मांडवाची दिशा बदलायला लावलीत, तेव्हासुद्धा पाळली.) आजही बोलणार नाही. फक्त घडलं ते कळवतो.

फेब्रुवारीत बाळाच्या वाढदिवसासाठी तुम्ही आमच्या अंगणातली दोन चिकूची झाडं काढून तिथे लॉन लावलंत. झाडं तुमच्या सासूबाईंच्या हातची होती. पण त्या "जावयांची हौस आहे" एवढंच म्हणाल्या आणि आत जाऊन डाळ निवडत बसल्या. (डाळ आदल्या दिवशीच निवडून झाली होती.) मग सहा फवारे आले, खताचं आणि तणनाशकाचं पाणी कालवायला पत्र्यावर निळं पिंप चढलं, आणि हे सगळं नगरपंचायतीच्या नळाला जोडलं गेलं, कारण विहिरीच्या पाण्याला तुमच्या मते जोर नव्हता. आम्ही मात्र प्यायला विहिरीचंच पाणी घेत राहिलो. म्हणून आमच्या घरात कुणी आजारी पडलं नाही.

आपल्याकडे धुणंभांडं करणारी रूपी उताराखालच्या पाड्यावर राहते. तिचा नवरा सुक्या बोर्डीच्या वाड्यांमध्ये झाडावर चढून चिकू उतरवतो. पाड्याला सार्वजनिक नळ एकच. मार्चमध्ये रूपी मला म्हणाली, "बाबा, नळाच्या पाण्याला वास येते. वाडीत फवारणी करतात ना, तसा." मी तिला हंडा नीट घासून घ्यायला सांगितलं. मी, ज्याने छत्तीस वर्षं रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नुसत्या वासावरून पेट्या बाजूला काढल्या.

एप्रिलात पाड्यावरची नऊ माणसं ओकाऱ्यांनी आडवी झाली. आठ जण चार दिवसांत उठले. सुक्या अकरा दिवस दवाखान्यात होता. आता घरी आहे, पण चहाची कपबशी धरली की वाजते. त्या हातांनी फांदी धरवत नाही, आणि वाडीवाल्यांनी त्याला बोलावणं सोडून दिलं आहे.

मग चौकशी झाली. पाणी सकाळी चाळीस मिनिटं येतं. ते बंद झाल्यावर खाली पाड्यावर कुणी तोटी सोडली, की रिकामा नळ मिळेल तिथून पाणी ओढतो, अगदी आपल्या पत्र्यावरच्या पिंपातूनसुद्धा. ते तसं मागे जाऊ नये म्हणून मध्ये एक झडप असते. तेव्हा नगरपंचायतीने नियम काढला, की ज्यांच्या घरी लॉनला फवारे आहेत त्यांनी ही झडप बसवावी, दरवर्षी अधिकृत माणसाकडून तपासून घ्यावी आणि तसा दाखला कचेरीत द्यावा. नियम सगळ्या गावाला लागू आहे. लॉन गावात एकच आहे.

मला काळजी नव्हती. तुमच्या कंत्राटदाराने चकचकीत पितळेची झडप बसवताना मी स्वतः बॅटरी धरून उभा होतो. नोटीस घेऊन कचेरीत गेलो. तिथल्या दिपक क्लार्कने (माणूस वाईट नाही, जेवणाची सुट्टी तेवढी लांब आहे) अधिकृत तपासनीसांची यादी पुढे केली. नावं दोन होती. एक जण मस्कतला गेलेला, दुसरा वारलेला.

"नियम तर या महिन्यातला आहे," मी म्हटलं.

"नियम नवा आहे, काका. यादी जुनी आहे."

प्लंबिंगचा परवाना असलेला कुणीही चालेल, एवढा शेरा मिळवायला मला चार फेऱ्या पडल्या. असा परवानेवाला तलासरीत आहे, हे चारोटीच्या पंपाच्या दुकानात कळलं. मग भर उन्हात दोन गाड्या बदलून तलासरी गाठली आणि मनिष नावाच्या त्या मुकाट माणसाला घेऊन आलो.

त्याने झडपेच्या दोन्ही बाजूंचे कॉक बंद केले, दाब मोजायचं घड्याळ लावलं, आणि काटा लावल्या लावल्या खाली बसला. मग त्याने झडप खोलली, आत पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं.

"काका, आत काही नाही."

"नाही म्हणजे?"

"पाणी अडवणारा रबरी पडदा काढलाय. नुसतं पितळ आहे."

"झिजून पडला असेल."

"झिजून पडणारा पडदा जाताना दोन स्क्रू परत आवळून जात नाही, काका."

मी तुमच्या कंत्राटदाराला फोन लावला. (मला कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्याने लावावा लागतो. तुमच्या सासूबाई दारातच उभ्या होत्या.) तो बिचारा सरळ बोलला. फवारे गुडघ्याएवढेच उडत होते, संध्याकाळी पाहुणे यायचे होते, साहेब म्हणाले, मधलं काय आहे ते काढून टाक. त्याने सांगून पाहिलं, की साहेब, ते पाणी मागे जाऊ नये म्हणून आहे. साहेब म्हणाले, पाणी मागे कशाला जाईल. खरं आहे, वाढदिवसाला फवारे फार सुंदर उडाले. फोटो आहेत.

मनिषने नवा पडदा घातला, काटा जागेवर राहिला, दाखला मिळाला. तो घेऊन कचेरीत गेलो, तर फॉर्मात एक रकाना निघाला : पूर्वीच्या दोषाचे कारण. मी पेन धरून बसून राहिलो, तेव्हा दिपकलाच माझी दया आली.

"झिजली लिहा, काका. झिजलेल्याला कुणी काही विचारत नाही."

"झडप तीन महिन्यांची आहे."

"मग उंदराने खाल्ली लिहा. पडदा रबराचाच होता ना?"

मी 'झिजली' लिहिलं आणि सही केली. माझी मुलगी तुमच्या घरात आहे, तेवढं कारण मला पुरलं. तेव्हा तुमचं नाव कुठेही आलेलं नाही, निश्चिंत असावं. लॉन हिरवंगार आहे. चि. श्रुतिकास आणि बाळास आशीर्वाद. तुमच्या सासूबाईंना निरोप विचारला, त्या आत जाऊन डाळ निवडत बसल्या.

आपला,
श्यामकांत

ता. क. (३१ मे) : पाकीट पुन्हा उघडावं लागलं. त्याच संध्याकाळी काम आटपून निघताना रूपीने विचारलं, पाऊस येईपर्यंत आपल्या विहिरीवरून रोज एक हंडा नेला तर चालेल का. ते तिने इतकं खालच्या आवाजात विचारलं, की मी तिला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. पडदा, स्क्रू, वाढदिवस, आणि मी लिहिलेलं 'झिजली' सुद्धा. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "इतके दिस देवाची करणी समजून दोघं गप होतो, बाबा. आता घरी जाऊन त्याला काय सांगू?" हंडा रिकामाच घेऊन गेली. तीन दिवस झाले, कामाला आलेली नाही.

ता. क. दुसरा : काल कचेरीत जाऊन माझा फॉर्म परत मागितला. दिपक म्हणाला, मंजूर झालेला फॉर्म परत मिळत नाही, नवा अर्ज करा. नवा अर्ज केला. त्यात कारणाच्या रकान्यात तुमचं नाव आहे. खाली माझंही आहे, कारण वासाचं मला मार्चमध्येच सांगितलं होतं. सुनावणी सोमवारी ११ जूनला, सकाळी अकरा वाजता. तुम्ही यावं, ही विनंती; खरं तर पत्र एवढ्याचसाठी. कचेरीत जाण्याआधी पाड्यावर जावं आणि सुक्यासमोर बसून हे तुमच्या तोंडाने सांगावं. मी बरोबर येईन. त्या दिवशी तुमच्या सासूबाई जेवायला वाढतील की नाही, हे मी त्यांना विचारलेलं नाही.

ता. क. तिसरा : हे पत्र श्रुतिकाला दाखवायचं की नाही, ते सर्वस्वी तुम्ही ठरवावं. तिची प्रत तिच्या बँकेच्या पत्त्यावर आज सकाळीच रजिस्टरने गेली आहे.