यादीतलं नाव

परळ, मुंबई
दिनांक ४ जून १९५७

प्रिय कौसल्यावहिनीस,
अनसूयेचा जयभीम.

तुझं कार्ड शनिवारी मिळालं. अक्षर पुष्कळ सुधारलं आहे. ओळी अजून शेवटाकडे खाली उतरतात, पण वाचताना कुठे अडलं नाही. बाळ भिंतीला धरून चालतो हे ऐकल्यावर आईने कार्ड माझ्याकडून घेतलं आणि उलटसुलट करून पाहिलं. तिला वाचता येत नाही, तरी पाहिलं. आम्ही दोघी बऱ्या आहोत.

हे पत्र मी मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. तुझ्या माधवदादाला वाचायला देऊ नकोस. तुझं तू वाच. एका दिवसात झालं नाही तर दोन दिवस लाव.

तुझ्या प्रत्येक कार्डाच्या शेवटी एकच प्रश्न असतो, "ह्यांचा काही पत्ता लागला का?" त्याचं उत्तर या पत्रात आहे. पहिल्याच ओळीत लिहावं म्हणून बसले होते, दोन कागद फाडले. आता जसं घडलं तसं लिहीत जाते. उत्तर मध्येच कुठेतरी येईल.

आपल्या भागाचा नवा वॉर्ड झाला. आपल्या चाळी आधी पलीकडच्या मोठ्या वॉर्डाच्या शेपटाला होत्या. उमेदवार यायचा तो नाक्यापर्यंत. तिसऱ्या माळ्यावर चढलेला कोणी पाहिला नव्हता. आता आपला वेगळा कॉर्पोरेटर, पहिल्यांदाच. त्यासाठी जानेवारीत मतदारांची नवी यादी केली आणि ते काम आम्हां शाळामास्तरणींवर आलं. माझ्या वाट्याला आपल्याच तीन चाळी आल्या. वर देखरेखीला गिरगावातले दत्ताराम नाईक म्हणून एक कारकून होते. दौत तेच धरायचे, म्हणायचे, "तुम्ही सांडाल."

नियम असा की बाईने स्वतःचं नाव सांगायचं आणि नवऱ्याचं सांगायचं. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' असं लिहून चालणार नाही, मागच्या वेळी तशी नावं बाद झाली होती. पण नवऱ्याचं नाव घेणार कोण? तुला आपली रमाबाई ठाऊकच आहे. मला म्हणते, "लंका कोणी जाळली, ते लिही."

मी म्हटलं, "मावशी, आता देव सोडले ना आपण?"

"देव सोडले बाय, नवरा नाय सोडला."

सगळा माळा हसला. नाईकसुद्धा हसले. मी 'मारुती' लिहिलं. त्या दिवशी मीही हसले होते, हे मला नंतर बरेच दिवस आठवत होतं.

मग आपली खोली आली. मला वाटलं होतं, घरची नावं मी शेवटी एकटी बसून लिहीन. पण नाईक दारातच उभे राहिले, दौत पुढे धरून. बा खाटेवर पडून होता, त्याचा खोकला तेव्हाच वाढला होता. आई उंबऱ्यात बसून सांगायला लागली. बाचं नाव ती घेईना, ते मीच लिहिलं. स्वतःचं सांगितलं, माझं सांगितलं. मग म्हणाली, "आता माझ्या लेकाचं लिही. भिवा. वय सत्तावीस."

मी बाकडे पाहिलं. त्याने भिंतीकडे तोंड केलं.

नाईक म्हणाले, "लिहा ना, बाई. शाई वाळते."

मी लिहिलं. भिवा बाबुराव तांबे, वय २७, धंदा गिरणीकामगार. अक्षर चांगलं आलं. तुझं लिहिलं नाही, तू गावी होतीस म्हणून. तो नियम मी पाळला.

त्यानंतर मार्चमध्ये बा गेला. बाळाला गोवर आला म्हणून तुला येता आलं नाही, त्याचा कोणी राग धरलेला नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी बा मला एवढंच म्हणाला, "कौशीला सांग." मी हो म्हटलं. आणि तुला बाच्या जाण्याचं पत्र लिहिलं त्यातही शेवटी तीच ओळ लिहिली, "दादाचा अजून पत्ता नाही." अशी मी तुला सतरा पत्रं लिहिली. 'पत्ता नाही' हे काही अगदी खोटं नव्हे, असं मी प्रत्येक वेळी स्वतःला समजावत होते.

गेल्या आठवड्यात मतदान झालं. आमच्याच शाळेत, चौथीच्या वर्गात. बाकं बाहेर काढली होती, फळ्यावर सुट्टीआधीचा पाढा तसाच होता. एका दाराने बायकांची रांग, दुसऱ्या दाराने पुरुषांची, मध्ये आमची टेबलं. माझ्याकडे यादी. मी नाव वाचायचं, त्याखाली रेघ मारायची, शेजारचा माणूस डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला शाई लावायचा. सकाळपासून गर्दी होती. बायका लुगडी नेसून सणाला आल्यासारख्या आल्या होत्या. रमाबाईने नवऱ्याचं नाव विचारल्याबरोबर माझ्याकडे बोट केलं, "तिला ठावं हाय."

सकाळी अकराच्या सुमारास आई बायकांच्या रांगेत येऊन उभी राहिली. तिच्या पुढे तिघी-चौघी होत्या.

तेवढ्यात पुरुषांच्या रांगेतून एक माणूस पुढे आला. चाळिशीचा असेल, केसात गिरणीतला कापूस, अंगात धुतलेला सदरा. माझ्या ओळखीचा नव्हता. हातातली चिठ्ठी टेबलावर ठेवून न अडखळता म्हणाला, "भिवा बाबुराव तांबे."

मी यादी पाहिली. मला पाहायची गरज नव्हती, पण पाहिली. अनुक्रमांक दोनशे चौदा. मी नाव मोठ्याने वाचलं. वाचायचंच असतं. आणि रेघ मारण्यासाठी पेन्सिल टेकवली. मी तुझ्यापासून लपवणार नाही, मी रेघ मारणार होते. माझ्या मनात एवढंच होतं की रेघ मारली की हा माणूस पुढे सरकेल, आणि आई येईपर्यंत निघून जाईल.

त्याने शाईसाठी डाव्या हाताचं बोट पुढे केलं.

भिंतीशी उमेदवारांचे एजंट बसले होते. त्यातला नाक्यावरचा हेरंब एकदम उठला. "थांबा. भिवाचं ते बोट मशिनीत पेरापर्यंत गेलेलं होतं. सगळ्या चाळीला ठाऊक आहे. याची पाचही पुरी आहेत!"

दुसरा एजंट म्हणाला, "तुमचाच माणूस असेल, आता साव बनता."

"आमचा? तुमच्या पुढाऱ्याला विचार!"

कोणाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोघं एकमेकांकडे बोट दाखवत होते. तो माणूस हात तसाच पुढे धरून उभा होता, जणू शाई लावल्याशिवाय त्याला तो खाली घेता येत नव्हता. मग हेरंब माझ्याकडे वळला. त्याचा हेतू वाईट नव्हता. म्हणाला, "अनसूयाबाई, तुमचाच भाऊ ना? तुम्हीच सांगा. हा भिवा आहे का?"

मी म्हटलं, "नाही."

"मग भिवा कुठे आहे?"

वहिनी, वर्गात पन्नास माणसं होती. मी शाळेत मुलांना रोज सांगते, प्रश्न विचारला की उभं राहून उत्तर द्यायचं. मी उभीसुद्धा राहिले. मी फळ्यावरच्या पाढ्याकडे बघत राहिले. तेरा सक अठ्ठ्याहत्तर.

आई रांग सोडून टेबलाजवळ आली. तिने डोक्यावरचा पदर नीट केला. केंद्राधिकाऱ्यांना म्हणाली, "तिला नका विचारू. मी सांगते. माझं नाव सुंदराबाई. माझ्या नवऱ्याचं नाव बाबुराव. तो मेला. माझ्या लेकाचं नाव भिवा. तो पण मेला. दोघांची नावं खोडा, आणि माझ्या बोटाला शाई लावा."

आईने बाचं नाव घेतलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. बायकांच्या रांगेत कोणीतरी हाय हाय केलं. आई पडद्यामागे गेली, मत दिलं, बाहेर आली आणि घरी गेली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. तो माणूस मधल्या मध्ये कधी निघून गेला तेही कळलं नाही. मी बसले आणि पुढचं नाव वाचलं. संध्याकाळी पाचपर्यंत वाचत होते.

तर हे उत्तर आहे. दादा गेला. मागच्या वर्षीच्या जानेवारीत, लालबागला गोळीबार झाला त्या दिवशी. तो घोषणा देत होता की पाळी सुटून घरी येत होता, हे मला माहीत नाही; लोक दोन्ही सांगतात. तिसऱ्या दिवशी बा मला घेऊन इस्पितळात गेला, कारण कागद वाचायला आणि सही करायला घरात मीच होते. तोंडावरून ओळखता येत नव्हतं. बोटावरून ओळखलं. सही मी केली. घरी आणू दिलं नाही, पोलिसांच्या देखत तिकडेच सगळं उरकलं. बाने रस्त्यावरच्या नळावर अंघोळ केली आणि मला म्हणाला, "कौशीला आठवा लागलाय. बाळंत होऊ दे." आईला सांगितलं तर तुला कळेल म्हणून आईलाही सांगायचं नाही. तुला लिहिलं की पकडून नेलंय म्हणतात. मग बाळ अशक्त निघालं. मग सुटलेली माणसं परत आली, तर लिहिलं की नागपूरकडे पाहिला म्हणतात. तेही मीच जुळवलं. डिसेंबरात बाबासाहेब गेले तेव्हा बा दादरच्या चौपाटीवर एवढा रडला की दोन माणसांनी त्याला धरलं. सगळेच रडत होते, म्हणून कोणी विचारलं नाही. मला ठाऊक होतं की त्यातलं निम्मं रडणं आमचं होतं.

मी रडले नाही. तेव्हाही नाही, अजूनही नाही. शाळेत जाते, हजेरी घेते, भाकऱ्या करते. हात करतात, मी बघते. याची मला भीती वाटते, पण तीही दुरून.

त्या संध्याकाळी घरी गेले तर आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "तुला कधीपासून ठाऊक?"

"तुझ्या बापाने सांगितलं, जायच्या आधी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस. म्हटलं, पोरीला पेलत नसेल." मग खडा बाजूला टाकून म्हणाली, "कौशी अजून कुंकू लावत असेल नाय?"

तू पाहिलं असशील, या वेळी मायन्यात मी 'सौ.' लिहिलं नाही. विसरले नाही. बाकीच्या सतरा पत्रांत लिहीत होते, तेव्हा हात चालत होता.

यादी मी केलेली म्हणून माझ्याकडे खुलासा मागितला आहे. नाईक संध्याकाळी मुद्दाम घरी आले. म्हणाले, "बाई, दोन ओळी लिहा, 'नजरचुकीने राहून गेले.' तीस वर्षं सगळे हेच लिहितात, कोणाची नोकरी गेली नाही." चांगला माणूस आहे. पण नजरचूक झाली नव्हती. मी लिहिलं, "सदर मतदार मयत असल्याचे मला ठाऊक असूनही नाव दाखल केले." नाईकांनी वाचलं, चहा अर्धा ठेवला आणि कागद घेऊन गेले. शाळा उघडली की काय ते कळेल. घरात शिकलेली मी पहिली. लोक म्हणतील, शिकून हेच केलं.

सुट्टी होती, तर समोर येऊन का सांगितलं नाहीस, असं तू विचारशील. बंदराला बोट लागते, एसटी आहे, तीन दिवसांत येऊन परत जाता आलं असतं. मी आले नाही, कारण तू दारात पाणी घेऊन उभी राहिली असतीस आणि माझ्या मागे कोणी येतंय का ते पाहिलं असतंस. ते मला बघायचं नव्हतं. मला क्षमा कर असं लिहीत नाही. ते लिहिलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

या पत्रात एक छापील अर्ज घातला आहे. यादीतून मयताचं नाव कमी करण्याचा. आई तोंडी बोलली तेवढ्याने नाव खोडता येत नाही, लेखी लागतं. बाचा अर्ज आईने अंगठा उठवून दिला. दादाचाही ती देऊ शकली असती, नाईक म्हणाले, आईचा चालतो. पण तिने हात मागे घेतला. म्हणाली, "तो तिचा आहे. तिने खोडावा. नाय खोडला तर राहू दे."

अर्जात तीन ओळी आहेत. पहिलीत तुझं नाव मी पेन्सिलीने लिहिलं आहे, त्यावरून शाई फिरव. तिसरी सहीची. मधली ओळ नवऱ्याच्या पूर्ण नावाची. तुला आठवतं, पाटीवर मी तुला पूर्ण नाव लिहायला सांगायची आणि तू 'कौसल्या' लिहून मधली जागा सोडून 'तांबे' लिहायचीस? मी रागवायची. तू म्हणायचीस, "त्यांचं नाव मी घेऊ नाय, बाय. त्यांचं आयुष्य उणं होतं."

ती ओळ मी भरलेली नाही. अक्षरं सगळी तुला येतात. मीच शिकवली आहेत.

बाळाला घेऊन कधीही ये. तुझी पाटी खुंटीवर आहे.

तुझी नणंद, अजून म्हणशील तर,
अनसूया