हिरवळीवर ताणलेलं कातडं

४ मे, सोमवार. सकाळी ८
आजपासून कॉलेजात आमच्या क्री लोकांच्या, म्हणजे कॅनडातल्या आदिवासींच्या, विद्येचा सप्ताह. समन्वयक मी, ऑर्व्हिल. सहा वर्षं मागे लागलो होतो, यंदा प्राचार्य हो म्हणाले. रिझर्व्हवरून, म्हणजे आमच्या लोकांच्या राखीव वस्तीवरून, फिलोमीन आजी येणार. सगळे त्यांना कोकुमच म्हणतात, आमच्या भाषेत आजी. मूस हरणाचं कातडं हिरवळीवर चौकटीत ताणून मुलांना तासायला शिकवणार. मी प्रमुख सहाय्यक. मी जंगलात वाढलो, असं प्राचार्यांना सांगून ठेवलंय. (बिल्डिंगमागे झाडं होती.)

संध्याकाळी
कोकुम ऐंशीच्या. माझ्या खांद्याला लागतात. "तू कुणाचा रे?" आईचं नाव सांगितलं. "अगं बाई! बस डेपोमागे राहायचात ते!" प्राचार्य शेजारीच होते. बहुतेक ऐकलं नसावं.

५ मे
कातडं साधंसुधं नाही. कोकुमच्या नवऱ्याने मारलेला शेवटचा मूस. नवरा गेल्यापासून चार वर्षं फ्रीझरमध्ये. त्यांची नात शायला इथेच नर्सिंगला आहे, जूनमध्ये पदवी. तिचे जोडे यातून शिवायचे. हे शायलानेच सांगितलं. मी म्हणालो, काळजी नको, मी आहे ना. कोकुम म्हणाल्या, "म्हणूनच."
मला काम दिलं: कातडं ओलं ठेवायला पाण्याच्या बादल्या. माझा संयम बघत असणार.

६ मे
अठरा बादल्या. पाठ गेली. पहिल्या वर्षाची पोरं तासतायत आणि समन्वयक पाणी वाहतोय! उद्या पाहुणे, फोटोग्राफर. संकल्प: उद्या हातात बादली नाही, पातं. तीन व्हिडिओ पाहिले. सोपं आहे.

७ मे. दुपारी १:१०
कोकुम आणि मुलं जेवायला. फोटोग्राफर रिकामा. कातडंही.

१:१४
भोक.

१:३०
फार मोठं नाही. बोट घालून पाहिलं. आता मोठं आहे.

दुपारी ४
सगळे जेवून परतले. शायला भोकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मी म्हणालो, मुलं उत्साही असतात, कुणाचं नाव घेणं बरं नव्हे. कोकुम चष्मा लावून जवळ गेल्या. "हा घाव डावखुऱ्याचा आहे."
बारा मुलांनी बारा उजवे हात वर केले. मी त्याच वेळी फोटोग्राफरच्या कागदावर सही करत होतो. सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

८ मे. सकाळी ७
माफीचं भाषण तयार. मुद्दे चार: पात्याची धार, वारा, फोटोग्राफर, बालपण.

सकाळी ९
कोकुम भोक शिवत बसल्या होत्या. मी बादली घेऊन उभा, मुद्दे विसरलो. म्हणालो, "मीच केलं. मला येत नाही. मला कुणी शिकवलंच नाही."
"मग शिकवा म्हणायला काय झालं होतं?"
"समन्वयक आहे ना मी."
त्यांनी दोरा दाताने तोडला. "बादली ठेव. बस इथे." मग माझं डावं मनगट धरून पातं आडवं केलं. "दाबू नकोस. ते मेलंय, पळून जाणार नाही."
दुपारपर्यंत तळहाताएवढं तासलं. शायला लांबूनच बघत होती. शेवटी येऊन म्हणाली, वाईट नाही. (म्हणजे उत्कृष्ट. कुठे तरी छापायला हवं.)

१२ जून
पदवीदान, त्याच हिरवळीवर. भोक नेमकं उजव्या जोड्याच्या चवड्यावर आलं. पण आता दिसत नाही, तिथे कोकुमनी निळ्या मण्यांचं फूल भरलंय. डाव्यावर काही नाही. शायला मंचावरून चालत गेली तेव्हा कोकुम आकाशाकडे बघत होत्या. माझ्याही डोळ्यांत पाणी. (परागकण.)
नंतर शहरातल्या एक पाहुण्याबाई वही काढून वाकल्या. एकाच जोड्यावर फूल, फार जुनी परंपरा दिसतेय! या नक्षीला नाव काय?
कोकुमनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही-नाही करत होतो.
"याला ऑर्व्हिल म्हणतात."
बाईंनी लिहून घेतलं. स्पेलिंग मला विचारलं.
सांगितलं.