हिरवी म्हण

दि. ९ फेब्रुवारी, रविवार

चि. टिकलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पावलं नाही, त्यावरून तू खुशाल आहेस असं धरून चालतो. मीही बरा आहे. हे माझं पाचवं पत्र.

या घरात मी स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू अशा: दुर्बिणीचा आठ इंची आरसा एक, दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासून आल्यावर रोज दोन तास, असे पाच महिने अकरा दिवस. प्लायवूडची अष्टकोनी नळी एक, सांध्यात पोस्टकार्ड शिरत नाही. तिच्याखालची बैठक, तुझ्या आईच्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांची, न विचारता केलेली. लाकडी पेटीतलं लाल दिव्याचं घड्याळ. आणि सेकंद मोजणाऱ्यानं बसायचं तीन पायांचं स्टूल. उंची सोळा इंच, कारण तू तेरा वर्षांची होतीस आणि त्याहून उंच स्टुलावरून तुझे पाय लोंबकळायचे.

पाचही वस्तू ठाकठीक आहेत. गेल्या चार पत्रांत मी तुला हेच कळवत होतो. आरशाचा मुलामा, गच्चीतली गळती, दुकानातलं नवं यंत्र. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि कामाचंही एक नव्हतं.

आई पंधरा दिवसांसाठी म्हणून तुझ्याकडे आली, त्याला आठ महिने झाले. मशीनचं डोकं घेऊन गेली, पाय इथेच राहिले. तिथे म्हणे टेबलावर ठेवून हातानं फिरवते. शेजारचा वायरमन विचारतो, "वहिनी कधी यायच्या?" मी सांगतो, लेकीला बरं नाही. माफ कर, आठ महिने तुला आजारी पाडलंय मी. त्यानं विचारलं, काय होतंय? घाईत तोंडून निघालं, पाठ. आता तो तुझ्यासाठी मालिशचं तेल आणून देतो. तीन बाटल्या साठल्यात.

आता मुद्द्यावर येतो. येत्या २१ तारखेला पहाटे चंद्र पुन्हा ज्येष्ठेला झाकणार आहे. एकोणीस वर्षांनी तो फिरून साधारण त्याच तारखेला त्याच ताऱ्यापाशी येतो. पुढच्या खेपेला मी चौऱ्याहत्तर वर्षांचा असेन, असलो तर.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहितो. हे लिहिताना हात स्थिर राहतो.

ज्येष्ठा म्हणजे थोरली. विंचवाच्या आकृतीतला तांबडा तारा. कुणी तिला विंचवाचं काळीज म्हटलं, कुणी मंगळाचा प्रतिस्पर्धी. सूर्याच्या जागी आणून ठेवली तर मंगळाची वाटसुद्धा तिच्या पोटात जाईल, एवढी अवाढव्य. तिला खेटून एक जोडीदारीण आहे. थोरलीपेक्षा कितीतरी तापलेली, पण इथून पाहताना तेजानं साठाव्या हिश्श्याएवढी, थोरलीच्या झगमगाटात बुडालेली. दोघींचा एकमेकींभोवतीचा फेरा हजाराहून जास्त वर्षांचा, नक्की आकडा कुणालाच सांगता आलेला नाही. मी हाताला लागले ते सगळे कोश पालथे घातले. थोरलीला भाषेगणिक नाव आहे. हिला एकाही भाषेत सापडलं नाही. नुसतं अक्षर लावतात. ज्येष्ठा ब.

थोरलीच्या शेजारी ती हिरवी दिसते. तांबड्या रंगानं डोळ्याला दिलेला तो चकवा आहे. खरी ती निळसर पांढरी. एकटी दिसायची तिला एकच संधी मिळते. चंद्र दोघींना झाकतो आणि मागच्या काळोख्या कडेनं सोडतो, तेव्हा धाकटी आधी बाहेर येते. थोरली पाच-सहा सेकंदांनी. आठ इंची आरशाला तेवढे सेकंद पुरतात. माणसाला पुरतातच असं नाही.

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या पहाटेची वेळ मी स्वतः काढली होती. चार पानांचं गणित. चार वाजून त्रेपन्न मिनिटं. तू पेटी मांडीवर घेऊन स्टुलावर, मी भिंगाला डोळा लावून पाऊण तास. डोळ्याला पाणी सुटलं. मी म्हणालो, "अजून दीड मिनिट आहे. तू नजर ठेव, मी डोळा धुऊन येतो."

टिकले, वजाबाकीत मी हातचा एक विसरलो होतो. बाहेर यायची वेळ बावन्नच होती.

मी टाकीच्या नळाखाली वाकलेलो आणि तू ओरडलीस, "बाबा! आली! एकटीच आली!"

मी पळत निघालो. "रंग सांग, रंग!"

"पांढरी! निळसर पांढरी!"

"हिरवी म्हण! हिरवी असते ती!"

"नाही हो बाबा, पांढरीच आहे. तीन... चार... पाच... अगंबाई, लाल आली!"

मी पोचलो तेव्हा थोरली बाहेर येऊन बसली होती. मला काहीही दिसलं नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. मला काहीही दिसलं नाही.

आणि वहीत लिहिलं: "जोडीदारीण एकटी दिसली. रंग स्पष्ट हिरवा. पाच पूर्णांक सात सेकंद." तो दशांशसुद्धा माझ्या मनाचा. पुस्तकात हिरवी होती म्हणून हिरवी लिहिली. ज्यानं पाहिलं नाही तोच हिरवी लिहिणार, एवढंही तेव्हा कळत नव्हतं. पुढे कळलं, तेव्हा जुन्या निरीक्षकांच्या आड लपलो. त्यांच्यातल्या काहींनी ती एकटी असतानाही हिरवीच पाहिली होती. त्यांनी पाहिली होती, हा फरक.

आमच्या तारे बघणाऱ्यांच्या मंडळाच्या सभेचा दिवस मी कुठल्याच पत्रात काढला नाही. तू पहिल्या रांगेत. मी टिपण वाचलं, टाळ्या झाल्या, आणि तू उभी राहिलीस. चांगली ठणठणीत बोललीस: "बाबा, ते मी पाहिलं. आणि पांढरी होती."

लोक हसले. वाईट नव्हते हसले, पोरीचं कौतुक म्हणून हसले. मला तिथे सावरून घेता आलं असतं. एक वाक्य लागलं असतं. मी म्हणालो, "लहान आहे. तिला तिथेच झोप लागली होती, स्वप्नात पाहिलं असेल."

मग ते नीट हसले.

तू खाली बसलीस. घरी येताना माझ्यापुढे वीस पावलं चालत होतीस. त्यानंतर तू मला एकही आकडा सांगितला नाहीस. गच्चीवर आली नाहीस. मार्कसुद्धा आईकडून कळायचे. मला मात्र त्या टिपणानं नाव दिलं. मंडळाची माणसं आरसे करून मागायला लागली. दुकानात मी चष्मेवाला होतो, तो आरसेवाले झालो, आदरार्थी. "जे दिसतं तेच लिहायचं, जे माहीत आहे ते नाही," हे मी नव्या लोकांना शिकवायचो. तुलाही मीच शिकवलं होतं. आज तू प्रयोगशाळेत रक्ताच्या काचा बघतेस आणि जे दिसतं तेच लिहितेस, असं आई सांगायची. ती सांगायची आणि माझ्याकडे बघायची.

जूनमध्ये विज्ञान केंद्राच्या बाई आल्या. दुर्बीण आणि वही त्यांना दालनात ठेवायची होती, शेजारी पाटी. आईनं चहा ठेवला आणि उभ्यानंच विचारलं, "पाटीवर नाव कुणाचं?"

मी म्हणालो, "कुणाचं म्हणजे? माझंच."

बाई गेल्यावर ती मला म्हणाली, "त्या पहाटे मी जिन्यात होते. तुमच्यासाठी चहा घेऊन. एकोणीस वर्षं वाट पाहिली, तुम्ही आज बोलाल, उद्या बोलाल." रागावली नव्हती. रागावली असती तर मी भांडलो असतो. तिनं कपड्यांच्या घड्या घातल्या.

त्यानंतर मी काय केलं? काही नाही. आरसा पुसला. फोन केला की तू म्हणतेस, "आई झोपलीय." सकाळी दहाला झोपलीय, दुपारी चारला झोपलीय. गेल्या आठवड्यात तीनदा बस स्टँडवर गेलो. एकदा तिकीट काढून जागेवर बसलोसुद्धा, आणि गाडी सुटायच्या आधी उतरलो. कंडक्टर म्हणाला, "काका, काही विसरलं का?" मी म्हणालो, हो.

घरात बोलायला कुणी नाही म्हणून मी आकडे मोठ्यानं म्हणतो. जिन्याच्या पायऱ्या सतरा. नळाखाली बादली भरायला एक मिनिट चाळीस. अलीकडे मात्र पाचपर्यंत मोजलं की पुढचा आकडा तोंडातून येत नाही, तिथेच उभा राहतो. वेड लागायची ही रीत असेल तर असो. पण तसं व्हायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात पडायला हवं.

काल मी वहीतल्या त्या नोंदीवर एक रेघ मारली. खोडरबर नाही लावला. खालचं वाचता यायला हवं. शेजारी लिहिलं: "वरील नोंद खोटी. निरीक्षण माझ्या मुलीचं, वय तेरा. रंग निळसर पांढरा. तिनं तोंडी मोजलेले सेकंद पाच. मी नळावर होतो." खाली सही. त्याची नक्कल घेऊन मंडळाच्या चिटणिसांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, एकोणीस वर्षांनी कशाला उकरून काढता? लोक हसतील तुम्हाला."

म्हटलं, "हसू देत. तेव्हा माझ्या वाटणीचं माझ्या लेकीला हसले."

ते पुढच्या अंकात छापणार आहेत. तुला अंक पाठवीन. त्यानं काही फिटत नाही, हे मलाही कळतं.

२१ तारखेला धाकटी पाच वाजून सात मिनिटांनी बाहेर येईल. या वेळी गणित तीनदा केलं, हातचे लाल शाईनं लिहिले, आणि वायरमनच्या मुलीच्या फोनवर ताडून पाहिलं. माझे डोळे अजून चांगले आहेत. मला ती दिसेल. एकदा खरंच पाहिली की मी म्हणू शकेन, मीही पाहिलीय. म्हणूनच मी डोळा लावणार नाही. भिंगापाशी तू उभी राहा. सोळा इंचांच्या स्टुलावर मी बसेन, गुडघे छातीशी येतील, येऊ देत. तू बघ, मी मोजतो. तू सांगशील तो रंग लिहीन. हिरवी म्हणालीस तर हिरवी, पांढरी म्हणालीस तर पांढरी, काहीच दिसलं नाही म्हणालीस तर तसं.

तू आली नाहीस तर दुर्बिणीवरचं टोपण निघणार नाही. ही धमकी नाही. तिथे उभं राहायला मला जागाच नाही.

बापानं लेकीच्या पाया पडू नये म्हणतात. मी पडतो. कागदावर पडतो, कारण समोर पडलो तर तू लगेच उठवशील आणि प्रश्न तिथेच मिटवशील, मला माहीत आहे. मला उठवू नकोस. नुसती ये. आईला घेऊन ये, नाहीतर तिला तिथेच ठेव, पण ये. एक शब्दही बोलू नकोस. फक्त रंग सांग.

तुझ्या आकड्याची वाट पाहणारा,
नळावरचा
बाबा

ता. क. आईला सांग, विज्ञान केंद्राला मी काल नकार कळवला. पाटीवर तुझं नाव आणि "वय तेरा" घाला, एवढं मी विचारलं होतं. पोरीच्या तोंडी बोलण्याला पुरावा नाही, म्हणाले. दुर्बीण, ती वही आणि पाटीवर माझं एकट्याचं नाव, या तिन्हींचे मिळून ते साडेचार लाख देत होते.