भांड्याच्या बुडाखालचं आडनाव

थोरल्या व्हर्ना वन्सं यांना धाकट्या भावजयीचा, आयडाचा, नमस्कार.

गुडघा कसा आहे? (जन्मभर नर्स होता, म्हणजे स्वतःचं औषध घेत नसणारच.) इकडे मिनेसोटात बर्फ लवकर पडलं. एल्डन गेल्यानंतरची ही दुसरी थंडी. अंगणातलं बर्फ मीच फावड्यानं ओढते, धड जमत नाही.

सांगायला लाज वाटते, पण तुमच्या कानावर माझ्याच तोंडून गेलेलं बरं. आपली मारेन यंदा कॉलेजात गेली. तिला मेडिकलला घालायचं तर पहिल्या वर्षापासून आखणी लागते, हे मी वाचनालयातली पुस्तकं वाचून शिकले. रसायनशास्त्र हवं, दवाखान्यात सेवा हवी, आणि प्राध्यापकांची शिफारसपत्रं हवीत. आता शिफारस करायची तर ओळख हवी, आणि ओळख करायची तर आपल्याकडे रिकाम्या हातानं कोण जातं? मी भांडंभर बटाटा-खिम्याची हॉटडिश ओव्हनमध्ये भाजली आणि बस धरून थेट कॉलेजात, रसायनाच्या ब्रेनरबाईंच्या खोलीच्या दारात उभी राहिले. बाहेर शंका विचारायला आलेल्या मुलांची ही रांग! त्यात आपली मारेन. तिनं मला पाहिलं आणि भिंतीवरचा नकाशा वाचू लागली. (आग लागली तर कुठून पळायचं, त्याचा.)

मी बाईंना सांगितलं, पोरीचे वडील गेले, तिच्याकडे लक्ष असू द्या. वन्सं, एल्डनचं मरण मी हॉटडिशबरोबर पुढे केलं. बाई समजुतीनं म्हणाल्या, "अहो, शिफारसपत्राला अजून दोन वर्षं आहेत, आणि ते मुलांनी स्वतः मागायचं असतं. तुमची मुलगी कोणती?" मी रांगेकडे पाहायचं टाळलं. पण चर्चच्या जेवणासाठी आपण भांड्याखाली आडनावाची पट्टी चिकटवतो ना! बाईंनी भांडं उचललं, खाली वाकून वाचलं, आणि रांगेकडे पाहून विचारलं, "स्कोगन कोण?"

जिन्यात मारेन एवढंच म्हणाली, "आई, बाबांना इथे कशाला आणलंस?" तेव्हापासून फोन उचलत नाही.

तुमची,
आयडा

ता. क. तुम्ही केलात तर उचलेल. डॉक्टर व्हायचंय का, तेवढं विचारा. आखणीच्या गडबडीत ते विचारायचं माझ्याकडून राहिलं.

ता. क. दुसरा. नाही म्हणाली तर आग्रह नको. एल्डनचा खोकला वेळेवर ओळखणारं कुणीतरी घरात हवं होतं, ते मला; तिला नव्हे.

ता. क. तिसरा. भांडं बाईंकडेच राहिलंय. ते तुमच्या आईचं. थँक्सगिव्हिंगला घरी घेऊन ये, असं तुम्ही तिला दटावून सांगा. माझ्यासाठी येणार नाही. आजीच्या भांड्यासाठी येईल.