तिसऱ्या कुणाचाही हक्क नाही

२ सप्टेंबर २०१९, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितातच.

वीस वर्षं झाली, इथे टेर्नोपिलमध्ये बसून मी लोकांच्या मालमत्तेची विल्हेवाट लावतोय. म्हणजे कागदांवर. युक्रेनियनमधून इंग्रजीत, इंग्रजीतून युक्रेनियनमध्ये. बंद पडलेले कारखाने, गोदामं, बुडालेल्या कंपन्यांच्या खुर्च्यासुद्धा. लिलाव, तारण, बोजा, ताबा : या शब्दांत माझा हात धरणारा शहरात कुणी नाही. तरी ऑफिस म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. जेवणाची वेळ झाली की तेही रिकामं करावं लागतं.

निश्चय : स्वतःचं ब्युरो. दार, घंटी, पाटी.

भांडवल : गॅरेज विकून. गाडी विकून पाच वर्षं झाली, गॅरेज नुसतंच उभं. त्याच्या तळघरात बायकोच्या, म्हणजे मिरोस्लावाच्या, लोणच्याच्या बरण्या असतात. ती त्याला ‘माझं तळघर’ म्हणते. धंद्याच्या भाषेत याला एनपीए, अनुत्पादक मालमत्ता म्हणतात.

तिला आत्ताच सांगायचं नाही. सरप्राइज.

५ सप्टेंबर

गिऱ्हाईक मिळालं! क्रेग. कॅनडाचा. इथल्या मुलांना इंग्रजी शिकवतो, जुन्या मोटरसायकलींचा नाद. तळघराचं झाकण उचलून बरण्यांकडे बघतच राहिला. विचारलं, हेही त्यातच का? मी म्हटलं, अर्थात, आतल्या सर्व वस्तूंसकट. मोठ्या व्यवहारात अशी वाक्यं टाकावी लागतात. बरण्या मिरोस्लावाच्या, हे मागाहून आठवलं. पण टोमॅटो काय, दरवर्षी होतात.

भाव त्याने ऐकताक्षणी कबूल केला. माझा प्रभाव. (कमी तर सांगितला नाही ना? नाही. प्रभावच.)

९ सप्टेंबर, संध्याकाळी

करारनामा दोन्ही भाषांत तयार. एका वाक्याने सगळी संध्याकाळ खाल्ली. ‘सदर मालमत्तेवर तिसऱ्या कुणाचाही हक्क नाही.’ हक्क की दावा? इंग्रजीत तर त्याच्या चार छटा. शेवटी असं काही जमलंय की लंडनच्या वकिलानेही टोपी काढावी.

मिरोस्लावा समोरच टोमॅटो भरत होती. म्हणाली, डोकं धरून काय बसलायस? म्हटलं, कायद्याचं आहे, तुला नाही कळायचं. म्हणाली, बरं बाबा कायदेपंडित, एवढी झाकणं घट्ट लावून दे. आणि बरण्या तेवढ्या तळघरात ठेवून ये, माझे गुडघे त्या शिडीवर रडतात.

झाकणं लावली. विक्रीच्या मालात भरच पडली. नैतिक पेच. त्यावर उद्या विचार करायचा.

१२ सप्टेंबर

बरण्या नेल्या नाहीत. कंबर.

पाटी रंगवायला टाकली. ‘तज्ज्ञ’ की ‘वरिष्ठ तज्ज्ञ’? वरिष्ठ.

निश्चय : ब्युरो उघडलं की सिगारेट बंद. तोवर ताण आहे.

१६ सप्टेंबर

नोटरीकडे. काळा सूट. रोमानाबाईंनी आजवर माझ्या किती भाषांतरांवर शिक्के मारले असतील! आज मात्र म्हणाल्या, विकणारे तुम्हीच आणि भाषांतरही तुमचंच? नवरदेवाने स्वतःचं लग्न स्वतः लावायचं नसतं. दुसरा भाषांतरकार बोलावला. माझाच जुना विद्यार्थी. फी घेतली मेल्याने. पण माझ्या त्या वाक्याला त्याने हात लावला नाही, बरं वाटलं.

मग बाईंनी विचारलं, बायकोचं संमतिपत्र?

लग्नानंतर घेतलेली मालमत्ता दोघांची. दुसऱ्याने नोटरीपुढे संमती दिल्याशिवाय विकता येत नाही. हे मला माहीत नसेल तर कुणाला? असली संमतिपत्रं शेकड्यांनी भाषांतर केलीत. गेल्या शुक्रवारीसुद्धा एक केलं.

म्हटलं, घरी विसरलो. बाई म्हणाल्या, काय विसरलात झेनोवीसाहेब, कागद की बायको? आणि तिथल्या तिथे मिरोस्लावाला फोन लावला. दोघी चर्चमध्ये एकत्र गातात. हे मला कुणी सांगायला नको होतं का?

१७ सप्टेंबर

मिरोस्लावा ओरडली नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. बटाटे सोलता सोलता म्हणाली, जगातल्या बायकांची संमती दोन-दोन भाषांत लिहितोस, आणि घरच्या बायकोला एका भाषेत विचारायला तुझी जीभ झडली होती?

थोड्या वेळाने म्हणाली, विचारलं असतंस ना झेनो, तर त्याच दिवशी सही केली असती. मलाही ती शिडी नकोशी झालीय. तुझी पाटी लागलेली मलाही बघायची होती.

मी म्हटलं, मग आता कर की.

तोंड बंद ठेवण्याचा निश्चय कालच करायला हवा होता.

म्हणाली, आता नाही.

फार लाज वाटली. कायद्याच्या भाषेत याला काय म्हणतात, ठाऊक नाही.

२१ सप्टेंबर

नवी योजना. क्रेगला उद्या जेवायला बोलावलंय. वाटाघाटी माझ्यामार्फत. मिरोस्लावाला इंग्रजीचा गंध नाही, क्रेगचं युक्रेनियन ‘धन्यवाद’ आणि ‘बिअर’. माझ्यावाचून दोघांचं पान हलणार नाही. प्रास्ताविक लिहून काढलं.

२२ सप्टेंबर, रविवार

प्रास्ताविकाच्या दुसऱ्या वाक्याला मिरोस्लावाने क्रेगपुढे वरेनिकी, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या, ठेवल्या. शेजारी टोमॅटोची बरणी. मग एक बोट वर केलं : तू. एक खाली : मी. त्याने मान डोलावली. तिने बोटांवर भाडं दाखवलं, त्याने एक बोट मिटलं, तिने ते परत उघडलं. दोघं हसले. हस्तांदोलन.

विक्री रद्द. वर त्याची मोटरसायकल, खाली तिच्या बरण्या. शिडीवरून बरण्या तोच नेणार. भाडं तिच्याकडे.

मी भाषांतराला तोंड उघडलं तर म्हणाली, तू खा, गार होतंय.

६ ऑक्टोबर

ब्युरो पुढे ढकललं. बाजारच मंद आहे.

पाटी तयार होऊन आली. रंगारी परत घेईना. मिरोस्लावाने ती उलटी करून तळघरात फळी म्हणून ठोकली. ‘वरिष्ठ तज्ज्ञ’वर सध्या काकड्या आहेत.

आज तिने काकड्या आणायला पाठवलं. गॅरेजला कुलूप नवीन. क्रेगला फोन केला, म्हटलं, किल्ली दे. म्हणाला, देतो, पण मिरोस्लावाला विचारलंस ना? हे सगळं चक्क युक्रेनियनमध्ये. तीच शिकवते म्हणे.

म्हटलं, थांब, विचारून सांगतो.